आमदाराने हिशेब कोणाला द्यायचा? बाबासाहेबांच्या कायदेमंडळातील वर्षांचा धडा

निवडणूक जवळ आली की आपल्या वस्त्यांमध्ये गुळगुळीत कागदावर छापलेला 'कार्यअहवाल' येतो. पहिल्या पानावर पक्षाच्या नेत्यांचे फोटो असतात, आतल्या पानांवर केंद्राच्या आणि राज्याच्या योजनांची यादी असते आणि शेवटी वॉर्डनिहाय कामे: पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवा, समाजमंदिराचे पत्रे, एक बोअरवेल. सोबत बाबासाहेबांचा फोटो आणि 'जय भीम'.

हे अहवाल खोटे असतात असे माझे म्हणणे नाही. दिवा लागलेला असतो, पत्रेही बसलेले असतात. पण या पुस्तिकेत दोन गोष्टी कधीच सापडत नाहीत. सभागृहात कोणता कायदा आला, त्यावर आपला प्रतिनिधी काय बोलला आणि त्याने मत कुठे टाकले, हे त्यात नसते. आणि वस्तीतले जे काम झाले नाही ते कोणी अडवले, हेही नसते. दिल्ली-मुंबईतले धोरण एका पानावर आणि वस्तीतला नळ दुसऱ्या पानावर राहतो. दोघांचा एकमेकांशी काय संबंध, हे सांगण्याची जबाबदारी कोणी घेत नाही.

आंबेडकरी चळवळीला मात्र हा संबंध सांगणारा लोकप्रतिनिधी फार लवकर मिळाला होता. बाबासाहेब आपण संविधानकार म्हणून ओळखतो, महाडचे आणि नागपूरचे म्हणून ओळखतो. १९२७ पासून पुढे ते मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात सभासद होते, हे आपल्या भाषणांत एका वाक्यात उरकले जाते. त्या वर्षांत त्यांनी लोकप्रतिनिधीचे काम कसे केले आणि लोकांना हिशेब कसा दिला, हे आज नीट वाचण्याची गरज आहे.

मतदार नसलेला सभासद

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्या. १९२७ च्या फेब्रुवारीत बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात बसले तेव्हा त्यांना एकाही माणसाने मत दिलेले नव्हते. ते सरकारनियुक्त सभासद होते. त्यांच्याबरोबर डॉ. पुरुषोत्तम सोळंकी यांचीही नेमणूक झाली होती. १९१९ च्या सुधारणा कायद्याने मताचा अधिकार दिला तो जमीन, शेतसारा, घरभाडे, प्राप्तिकर या निकषांवर. ज्याच्याकडे जमीन नाही, घर नाही, त्याला मत नाही. अस्पृश्य समाजाचा जवळजवळ सगळा भाग या चाळणीतून खाली पडला. हे असेच होणार, हे बाबासाहेबांनी १९१९ मध्येच साउथबरो समितीपुढे साक्ष देताना सांगितले होते.

नियुक्त सभासदाला कायद्याने कोणालाच हिशेब देणे लागत नव्हते. त्याला नेमणारा गव्हर्नर आणि खाली मतदार कोणी नाही. अशा माणसाने गप्प बसून मानमरातब भोगला असता तरी कोणी जाब विचारला नसता. बाबासाहेबांनी उलट केले. ज्यांना मत नव्हते त्यांनाच त्यांनी आपले मतदार मानले आणि त्यांच्यापुढे सतत हिशेब ठेवला: परिषदांतून, सभांतून आणि स्वतःच्या पत्रातून. कायदेमंडळात प्रवेश झाला फेब्रुवारी १९२७ मध्ये आणि 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक निघाला ३ एप्रिल १९२७ ला. हा केवळ योगायोग मानता येत नाही. सभागृहात काय चालले आहे हे समाजापर्यंत पोहोचवायला दुसरे कोणी तयार नव्हते, म्हणून पत्र हवे होते.

ठराव कागदावर, पाणी तळ्यात

आता 'राष्ट्रीय धोरण' आणि 'स्थानिक सेवा' यांचा संबंध पाहू.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा त्याचा आशय होता. ठराव मंजूर झाला. सप्टेंबरमध्ये सरकारने आपल्या खात्यांना त्याप्रमाणे वागण्याच्या सूचना दिल्या. महाड नगरपालिकेने तर जानेवारी १९२४ मध्ये स्वतः ठराव करून चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचे जाहीर केले.

म्हणजे कागदोपत्री सगळे झाले होते. आजच्या भाषेत 'योजना मंजूर, शासन निर्णय निर्गमित, स्थानिक संस्थेचा ठराव पारित'. एखाद्या आमदाराच्या कार्यअहवालात हे काम 'पूर्ण' म्हणून छापले गेले असते. प्रत्यक्षात चवदार तळ्याचे पाणी एकाही अस्पृश्याने घेतले नव्हते. बोले यांनाही हे कळत होते. म्हणून १९२६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी दुसरा ठराव आणला की ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिला ठराव अमलात आणत नाहीत त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे. अनुदानाची नाडी आवळल्याशिवाय स्थानिक संस्था हलत नाही, हे बोले यांना तेव्हाच उमगले होते.

मग १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे हे सवर्ण सहकारीही बरोबर होते. ज्या गावात तळे कागदावर सर्वांना खुले होते, त्याच गावात परिषदेला आलेल्या लोकांसाठी ४० रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले. बोले ठरावाचा खरा अहवाल या ४० रुपयांत होता. दुसऱ्या दिवशी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. कायदेमंडळात मंजूर झालेला ठराव खरा आहे की खोटा, हे एका सभासदाने लोकांना बरोबर घेऊन जागेवर तपासले.

त्यानंतर काय झाले ते आपल्याला पाठ आहे. परत निघालेल्या लोकांवर हल्ला झाला, डोकी फुटली. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद झाली आणि २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. न्यायालयातला वाद चालू राहिला आणि मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला तो मार्च १९३७ मध्ये. बोले ठरावापासून मोजले तर साडेतेरा वर्षे. एका तळ्यासाठी!

अंदाजपत्रक समजावून सांगणारा सभासद

महाडच्या आधीचे काही दिवस बाबासाहेब काय करत होते? २४ फेब्रुवारी १९२७ ला त्यांनी अंदाजपत्रकावर भाषण केले. त्यात त्यांनी साधा प्रश्न विचारला. प्राप्तिकर भरणाऱ्याला एका मर्यादेपर्यंत सूट मिळते, कारण त्याच्या कुटुंबाला जगायला काही लागते हे सरकार मान्य करते. मग गुंठाभर जमिनीच्या तुकड्यावर जगणाऱ्या शेतकऱ्याला सूट का नाही? पीक येवो न येवो, सारा भरायचाच, हा कोणता न्याय?

१२ मार्चला, म्हणजे चवदार तळ्यावर जाण्याच्या आठच दिवस आधी, त्यांनी शिक्षणाच्या अनुदानावर भाषण केले. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि दारूच्या अबकारी उत्पन्नातून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हा हिशेब त्यांनी मांडला. निदान जेवढे दारूतून घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, ही मागणी केली. प्राथमिक शाळेत जाणाऱ्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त १८ पोहोचतात, बाकीची ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात, हेही त्यांनी सभागृहाला सांगितले.

हे आकडे कसे निवडले आहेत ते पाहा. इलाख्याचे उत्पन्न किती कोटी, यावर ते थांबत नाहीत. एका माणसाच्या वाट्याला किती आणे येतात आणि त्याच्या खिशातून किती रुपये जातात, एवढेच ते विचारतात. हा हिशेब गिरणीतल्या कामगाराला कळतो, गावातल्या बाईलाही कळतो. धोरण लोकांना समजावून सांगायचे म्हणजे योजनेचे नाव पाठ करून घ्यायचे नसते. त्या धोरणात आपल्याकडून किती घेतले जाते आणि आपल्याला किती परत मिळते, हे समजावून सांगायचे असते.

फसलेल्या कामाचाही हिशेब

कार्यअहवालात अपयशाला जागा नसते. बाबासाहेबांच्या कायदेमंडळातील कामात अपयशे भरपूर आहेत आणि ती लपवलेली नाहीत.

मार्च १९२८ मध्ये त्यांनी महार वतनाचे विधेयक मांडले. १८७४ च्या वतन कायद्याखाली महाराला सरकारी आणि गावकीच्या कामासाठी दिवस-रात्र हजर राहावे लागे. तो नसेल तर त्याच्या घरातल्या माणसाला जावे लागे. त्याचा मोबदला म्हणजे वतनाचा जमिनीचा तुकडा, सरकारचा नाममात्र पैसा आणि गावाकडून मिळणारे बलुते. बलुते दिले तर दिले. गावाशी बिनसले की ते बंद. बाबासाहेबांच्या विधेयकाचा गाभा असा होता: कामे ठरवून द्या, त्याचा पगार ठरवून द्या आणि ज्याला वतनातून मोकळे व्हायचे आहे त्याला पूर्ण सारा भरून जमीन रयतवारीने ठेवू द्या.

हे विधेयक सिलेक्ट कमिटीत गेले, त्याचे मूळ रूप राहिले नाही आणि जुलै १९२९ मध्ये बाबासाहेबांनी ते मागे घेतले. नुसता 'कायदा मंजूर करून आणला' असे मिरवण्यासाठी त्यांनी मोडतोड झालेले विधेयक पुढे रेटले नाही. वतनाचा प्रश्न ते पुढे वर्षानुवर्षे परिषदांतून मांडत राहिले. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात झाला तो १९५८ मध्ये, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

हिशेब देणाऱ्याला किंमत कशी मोजावी लागते, याचे एक उदाहरण चाळीसगावचे आहे. अस्पृश्य आणि आदिवासी समाजाच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी सरकारने स्टार्ट कमिटी नेमली होती आणि बाबासाहेब तिचे सभासद होते. १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये खानदेशातल्या एका गावच्या बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला उतरले. स्टेशनवरून महारवाड्यात न्यायला एकही टांगेवाला तयार होईना, कारण महाराला टांग्यात बसवणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. शेवटी टांगा मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. वस्तीतल्याच एका नवशिक्याने टांगा हाकला, पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. कायदेमंडळाचा सभासद, बॅरिस्टर, सरकारी समितीचा प्रतिनिधी, आणि गावात साधी टांग्याची सेवा त्याला नाकारली जाते! ज्या तक्रारीची चौकशी करायला तो गेला होता ती तक्रार त्याच्याच अंगावर आली. स्थानिक सेवा जातीच्या बाहेर असतात असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा.

पंचायतीला विरोध का केला?

बाबासाहेबांनी ग्रामपंचायतींना विरोध केला होता, असा आरोप अजूनही होतो. गावाला सत्ता देण्याला विरोध म्हणजे लोकशाहीला विरोध, असे सांगितले जाते. हा आरोप करणारे १९३२ चे भाषण वाचत नाहीत.

६ ऑक्टोबर १९३२ ला मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर ते बोलले. पुणे करार होऊन बाराच दिवस झाले होते. त्यांचा मुद्दा स्पष्ट होता. प्रत्येक गावात अस्पृश्य वस्ती अल्पसंख्य असते. पाणी, रस्ता, दिवाबत्ती, शाळा आणि वर न्यायनिवाडा, हे सगळे अधिकार गावच्या बहुसंख्याकांच्या हातात गेले तर वस्तीचे काय होईल? प्रौढ मताधिकार दिला तरी तो पुरेसा नाही, कारण बहुमत कायम त्यांचेच राहणार. म्हणून राखीव प्रतिनिधित्व हवे. ही मागणी तेव्हा जातीय म्हणून हिणवली गेली.

१९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली. अनुच्छेद २४३ड नुसार प्रत्येक पंचायतीत अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा देणे बंधनकारक झाले. १९३२ ची 'जातीय' मागणी ६१ वर्षांनी घटनेचा भाग झाली. आता सांगा, पंचायतीला विरोध कोणी केला होता आणि लोकशाही पंचायत कोणी मागितली होती?

पुणे करार आणि हिशेबाची दिशा

इथे मुख्य प्रश्नाला हात घालू. लोकप्रतिनिधी हिशेब कोणाला देतो? जो त्याला निवडून देतो आणि जो त्याला पाडू शकतो, त्याला.

१९३२ च्या ऑगस्टमधील जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते आणि शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही मत दिले होते. म्हणजे एक प्रतिनिधी असा, ज्याला फक्त आपल्याच समाजाकडे हिशेब द्यायला यावे लागेल. गांधीजींनी २० सप्टेंबरला उपोषण सुरू केले आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांतील राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या, पण निवडणूक संयुक्त मतदारसंघातून. प्राथमिक निवडणुकीत आपल्या मतदारांनी चार जणांची निवड करायची आणि त्यातला कोण निवडून येणार हे सगळ्या मतदारांनी, म्हणजे प्रत्यक्षात सवर्ण बहुसंख्येने, ठरवायचे.

जागा दुपटीने वाढल्या, ही गोष्ट खरी. पण हिशेबाची दिशा फिरली. राखीव जागेवरचा माणूस वस्तीत दिसला नाही तरी चालू शकत होते. ज्यांच्या मतांनी तो निवडून येतो त्यांना तो खटकता कामा नये, एवढेच पुरेसे होते. १९४५ च्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आलेल्या अस्पृश्य सभासदांची हीच अवस्था मांडली आहे. सभासद आमचा, शिस्त दुसऱ्याची.

याला बाबासाहेबांचे उत्तर केवळ तक्रार करणे हे नव्हते. ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नावात जात नाही, मजूर आहे. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात पक्षाने १७ उमेदवार उभे केले आणि बहुतेक निवडून आले. त्यांत दादासाहेब गायकवाड होते, तसेच राखीव नसलेल्या जागांवरून आलेले श्यामराव परुळेकरही होते. स्वतः बाबासाहेब मुंबईतून, काँग्रेसने उभे केलेले प्रसिद्ध क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांना हरवून निवडून आले.

आता मतदार होते आणि हिशेबही मोठा झाला. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. कोकणातला खोत आणि कूळ हा प्रश्न महार आणि कुणबी दोघांचाही होता. विधेयक पुढे सरकेना, तेव्हा १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर आला. रत्नागिरी-कुलाब्याची कुळे आपले विधेयक कुठे अडले आहे हे विचारायला थेट सभागृहाच्या दारात आली होती. त्यांना विधेयक समजावून सांगितलेले नसते तर ती आलीच नसती. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने, पण जमीन नांगरली गेली ती १९३७-३८ मध्ये.

त्याच वर्षी खेर मंत्रिमंडळाने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले आणि कामगारांच्या संपाच्या हक्काला वेसण घातली. बाबासाहेबांनी सप्टेंबरमध्ये सभागृहात कडाडून विरोध केला. बहुमत सरकारचे होते. विधेयक मंजूर होणारच होते. ७ नोव्हेंबर १९३८ ला कम्युनिस्टांना बरोबर घेऊन मुंबईत संप झाला. सभागृहात हरलेली बाजू त्यांनी कामगारांपुढे जाऊन मांडली.

मंत्रिपद सोडतानाचा हिशेब

केंद्रात मंत्री झाल्यावरही ही सवय सुटली नाही. हिंदू कोड बिल बाजूला टाकले गेल्यावर बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये राजीनामा दिला. १० ऑक्टोबरला संसदेत निवेदन करायला उभे राहिले तेव्हा निवेदनाची प्रत आधी द्या, अशी अट पुढे आली. ते सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांना दिले. त्यात हिंदू कोड बिलाची कहाणी आहे, अनुसूचित जातींकडे झालेले दुर्लक्ष आहे आणि परराष्ट्र धोरणावर टीकाही आहे. वर्षाला सुमारे ३५० कोटींच्या महसुलातले १८० कोटी सैन्यावर खर्च करावे लागतात, कारण आपल्याला मित्र उरलेले नाहीत, असे त्यांनी सांगितले. सभागृहाने ऐकून घेतले नाही तेव्हा लोकांपुढे हिशेब ठेवला. १९२७ मध्ये दारूचे रुपये आणि शिक्षणाचे आणे मोजणारा माणूस २४ वर्षांनी देशाचे परराष्ट्र धोरणही त्याच पद्धतीने मोजत होता.

आज काय मागायचे?

४ नोव्हेंबर १९४८ ला संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी संसदीय पद्धत का निवडली हे सांगितले आहे. अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य अधिक, संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक. आणि त्यांनी जबाबदारी निवडली. ही जबाबदारी दोन प्रकारे तपासली जाते, असे त्यांचे म्हणणे: सभासद प्रश्न आणि ठरावांच्या मार्गाने सरकारची रोज तपासणी करतात आणि मतदार ठरावीक काळाने निवडणुकीत करतात. आपण दुसरी तपासणी करतो, पहिलीकडे पाहतही नाही. आपल्या आमदाराने गेल्या अधिवेशनात किती तारांकित प्रश्न विचारले, एखादी लक्षवेधी सूचना दिली का, हे वस्तीतल्या किती जणांना ठाऊक असते?

यावर उत्तर येते की पक्षादेशापुढे आमदार काय करणार? १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली आणि व्हिप मोडला तर सदस्यत्व जाते, हे खरे आहे. पुणे करारात हिशेबाची दिशा एकदा फिरली, पक्षांतरबंदीने ती आणखी घट्ट बांधली. पण व्हिप मतदानाला असतो. प्रश्न विचारायला व्हिप आडवा येत नाही आणि गावात येऊन 'मी मत इकडे टाकले, कारण पक्षाने सांगितले' एवढे खरे बोलायलाही आडवा येत नाही.

दुसरे उत्तर असते निधीचे. खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी मिळतात. त्यातले १५ टक्के अनुसूचित जातींच्या वस्त्यांवर आणि साडेसात टक्के जमातींच्या भागांवर खर्च करण्याचा नियम आहे. हा पैसा आपला हक्क आहे, खासदाराची मेहेरबानी नाही. आणि हा निधी शेंगदाण्याएवढा आहे. खरा पैसा राज्याच्या अंदाजपत्रकातल्या अनुसूचित जाती उपयोजनेत असतो. तो लोकसंख्येच्या प्रमाणात ठेवला जातो का, खर्च होतो का, दुसरीकडे वळवला जातो का, हा खरा प्रश्न आहे. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकने २०१३ मध्ये आणि तेलंगणाने २०१७ मध्ये या निधीसाठी कायदा केला. महाराष्ट्रात अशा कायद्याची मागणी आपल्या संघटना वर्षानुवर्षे करत आहेत. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या प्रत्येक आमदाराला विचारा: या मागणीवर तुम्ही सभागृहात कोणत्या दिवशी बोललात?

पुढच्या वेळी कार्यअहवाल दारात आला की तो परत करू नका, घ्या. मग तीन गोष्टी लेखी मागा. सभागृहात आपल्या समाजाशी संबंधित कोणते विषय आले आणि तुम्ही काय केले. उपयोजनेतला किती पैसा आपल्या तालुक्यात आला आणि दरडोई किती पडला. आणि जे काम मंजूर होऊनही वस्तीत पोहोचले नाही, ते कोणत्या कार्यालयात, कोणत्या टेबलावर, कोणामुळे अडले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आले नाही तर महाडचा मार्ग आपल्याला माहीत आहे. मंजुरीचा कागद हातात घ्यायचा, चार माणसे बरोबर घ्यायची आणि तळ्यावर जाऊन पाहायचे.

ज्यांना मत नव्हते त्यांना बाबासाहेबांनी हिशेब दिला. आपल्या हातात आज मत आहे. ते असूनही हिशेब न मागणे, हा त्या मताचा अपमान आहे.

जय भीम!